केरबाने निवडलेला लॅपटॉप

डोंगराच्या कडेला हिरडेवाडी नावाचं गाव होतं. तिथे केरबा मोहिते नावाचा एक ट्रॅक्टरमालक राहत होता. माणूस कष्टाळू, हाताचा सढळ आणि बोलायला मोकळा. सगळं गाव त्याला अण्णा म्हणे. त्याच्या तोंडी एक वाक्य कायम असे. "कमी पडाय नको."

जेवायला चार माणसं यायची असली की तो दहा जणांचं करायला सांगे. घरावर पाण्याची टाकी बसवली ती शाळेला पुरेल एवढी. ट्रॅक्टर घेतला तोही असा, की त्याच्या शेतात तो वळवायचा तर शेजाऱ्याच्या बांधावर चढावं लागे. शेजारी कुरकुर करी आणि केरबा त्याला चहा पाजून गप्प करी. त्या एका वाक्यामुळे आजवर फारसं काही बिघडलं नव्हतं. म्हणून ते बरोबरच आहे अशी केरबाची समजूत झाली होती.

केरबाला एकुलती एक मुलगी, शर्वरी. तिने औषधशास्त्राची पदविका घेतली होती. पुण्याच्या एका संस्थेचं काम तिला घरबसल्या मिळालं. पहिला महिना परीक्षेचा होता. रोजचं काम रोज संध्याकाळी पाचच्या आत पाठवायचं. महिना नीट पार पडला तर काम कायमचं, नाहीतर राम राम. केरबाने मुलीला शब्द दिला होता, की काम पक्कं झालं तर लग्नाची घाई करणार नाही. नाही झालं तर मात्र दिवाळीनंतर स्थळं बघायची. शर्वरीला लग्नच नको होतं असं नाही. तिला आधी स्वतःच्या पायावर उभं राहायचं होतं. म्हणजे तिचं सगळं त्या एका महिन्यावर येऊन ठेपलं होतं.

कामाला लॅपटॉप हवा होता. केरबा मुलीला घेऊन तालुक्याच्या गावी निघाला. जाणकार म्हणून त्याने धाकट्या भावाचा मुलगा धैर्यशील यालाही बरोबर घेतलं. धैर्यशील दिवसभर मोबाइलवर गेम खेळे. त्यामुळे त्याला यंत्रातलं कळतं, असं घरात सगळे धरून चालले होते.

दुकान अस्लमभाई मुल्लाणींचं होतं. त्यांनी बसायला खुर्च्या दिल्या आणि पहिला प्रश्न विचारला.

"वापरणार कोण?"

"पोरगी," केरबा म्हणाला.

अस्लमभाई शर्वरीकडे वळले. "ताई, तुमचं काम..."

"तिला काय इचारताय? घेणार मी हाय. भारीतला दाखवा. कमी पडाय नको."

अस्लमभाईंनी दोन लॅपटॉप काढून काउंटरवर ठेवले. एक पातळ, राखाडी, दिसायला अगदी साधा. दुसरा जाडजूड, काळा. त्याचं झाकण उघडताच आतल्या बटणांखाली लाल दिवे लागले. धैर्यशील खुर्ची सोडून उभाच राहिला.

"खरा फरक आतल्या प्रोसेसरचा," अस्लमभाई सांगू लागले. "प्रोसेसर म्हंजे ह्याचं इंजिन समजा, अण्णा."

इंजिन म्हटल्यावर केरबा सावरून बसला. "किती एच.पी.चं?"

"ह्याला एच.पी. नसतंय. कोअर असतात. सिलिंडर म्हणा पायजे तर. ह्या राखाडीतला प्रोसेसर कमी विजेवर चालतोय. टायपिंग, इंटरनेट, मीटिंग, पिक्चर, रोजचं सगळं काम बिनबोभाट करतोय. तापत नाही, आवाज नाही, आणि एकदा चार्जिंग केलं की दिवस निघतोय. आता हा काळा. हा गेम खेळणाऱ्यांचा. ह्याची ताकद लई. पण वीजबी तशीच पितोय. चार्जर लावून ठेवला तरच हा खरा पळणार. गेम खेळायचे असतील तर हाच घ्या, राखाडी घेऊ नका. नसतील खेळायचे, तर ह्याची गरज नाही."

एवढं स्पष्ट कोणी सांगत नाही. शर्वरीने राखाडी लॅपटॉप हलकेच उचलून पाहिला. तिच्या चेहऱ्यावर समाधान दिसलं. केरबाचंही मन क्षणभर वळलं होतं. तेवढ्यात त्याने सहज विचारलं, "ह्यो जुना न्हाई नव्हं?"

"छे छे. तेरावी जनरेशन हाय."

"कुणाचं तेरावं?" केरबा दचकला.

"अण्णा, जनरेशन म्हंजे पिढी. प्रोसेसरची तेरावी पिढी."

"पिढी असू दे न्हाईतर काय असू दे. पोरगीचं पयलंवयलं काम, आन् घरात तेरावं घालू? आन् ह्यो काळा कितवा?"

"चौदावी."

"मग सरळ हाय की! तेरावा उरकून फुडं गेलाय ह्यो."

धैर्यशील खो खो हसला. तेराव्याचं केरबाला निमित्त सापडलं होतं, एवढंच. लाल दिवे लागले तेव्हाच त्याच्या मनाने कौल दिला होता. उद्या गावातली माणसं बघायला येतील, ती त्या राखाडी पाटीकडे बघून काय म्हणणार, हा विचार त्याला आत कुठेतरी टोचत होता. शर्वरी म्हणाली, "अण्णा, मला हलका बरा पडेल." केरबा म्हणाला, "तुला काय कळतंय त्यातलं?" आणि काळा खोक्यात बांधून द्यायला सांगितला. वापरणारी बाजूला राहिली, जाणकार खूश झाला आणि घेणारा मिरवत घरी आला.

घरी लॅपटॉपला हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला. शेजारपाजारचे बघून गेले. केरबा प्रत्येकाला झाकण उघडून दिवे दाखवी. "चौदा पिढ्यांचा हाय," असंही तो सांगू लागला. ऐकणाऱ्यांना त्याचा अर्थ कळत नसे, पण आकडा मोठा असल्यामुळे ते माना डोलावत.

शर्वरीचं काम सुरू झालं. दुसऱ्याच दिवशी अडचणही सुरू झाली. हिरडेवाडीत वीज दिवसातून केव्हाही जाई आणि आपल्या मर्जीने परत येई. वीज गेली की काळा लॅपटॉप थोडा वेळ तग धरी आणि मान टाकी. घरात इन्व्हर्टर होता, पण तो दोन दिवे आणि एक पंखा एवढ्यापुरता. विटेएवढा चार्जर त्याला लावला की इन्व्हर्टर कुईकुई करी आणि घरातला पंखाही घेऊन बंद पडे. लॅपटॉपची ती ताकद शर्वरीच्या कामात कुठे लागतच नव्हती. त्याची भूक मात्र रोज लागत होती.

तिने आपल्या परीने वाट काढली. वीज असेल तेव्हा जेवण टाळून ती काम उरकी. कधी भल्या पहाटे उठून बसे. तरी काही वेळा पाच वाजून जात. संस्थेतल्या प्रमुख बाई, सगळे त्यांना मॅडम म्हणत, एकदा फोनवर म्हणाल्या, "शर्वरी, तुमचं काम स्वच्छ असतं. पण वेळ पाळली जात नाही. आता महिनाअखेरपर्यंत उशीर चालणार नाही."

केरबा रोज संध्याकाळी दारातून विचारी, "काय, कमी पडत न्हाई नव्हं?"

"नाही, अण्णा," ती म्हणे.

बापाला एवढा आनंद झालाय, तो कशाला मोडायचा, असं तिला वाटे. तिच्या मनात बापाविषयी माया होती आणि त्याच मायेमुळे ती खोटं बोलत होती. केरबाही उत्तर ऐकून समाधानाने हातपाय धुवायला जाई. पुढचा प्रश्न त्याला कधी सुचला नाही.

त्या लॅपटॉपचं खरं चीज करणारा घरात एकच होता. धैर्यशील संध्याकाळी येई आणि त्यावर मोटारींच्या शर्यतीचा गेम खेळे. मग तो काळा लॅपटॉप सुटे. पडद्यावर गाड्या भिरभिरत, आतला पंखा मळणीयंत्रासारखा घोंघावे आणि केरबा पुतण्याच्या मागे उभा राहून म्हणे, "बघा, कसा पळतोय!" लॅपटॉप वाईट नव्हता. ज्या कामासाठी तो बनला होता ते काम तो उत्तम करत होता.

असा महिन्याचा शेवटचा दिवस आला. त्या दिवशी दुरुस्तीसाठी सबंध दिवस वीज बंद राहणार होती. शर्वरीला ते आदल्या दिवशी कळलं होतं. तिने लॅपटॉप पूर्ण भरून ठेवला आणि सकाळी अर्धं काम करून तो बंद केला. उरलेलं अर्धं काम पुण्याहून दुपारी यायचं होतं, आणि उरलेली बॅटरी त्याला जेमतेम पुरणार होती. तेवढ्यात केरबाकडे सोसायटीचे चेअरमन दोन पाहुणे घेऊन आले. आईने हाक मारली म्हणून शर्वरी स्वयंपाकघरात गेली.

पाहुण्यांपैकी एकाला आपल्या मुलासाठी लॅपटॉप घ्यायचा होता. ते ऐकल्यावर केरबाला राहवेना. त्याने आतून लॅपटॉप आणला आणि धैर्यशीलला बोलावून घेतलं.

"लाईट न्हाई की आज," चेअरमन म्हणाले.

"ह्याला लाईट लागत न्हाई. चालीव रं धैर्या."

धैर्यशीलने गेम लावला. गाड्या धावू लागल्या, लाल दिवे चमकू लागले, पंखा घोंघावू लागला. पाहुणे पुढे सरकून बघू लागले. केरबा खुशीत होता. एक शर्यत झाली, पाहुण्यांनी आणखी एक बघायची इच्छा दाखवली, आणि तिच्या मध्यावर पडदा काळा पडला.

शर्वरी चहाचा ट्रे घेऊन बाहेर आली ती त्याच वेळी. तिने पडद्याकडे पाहिलं. ट्रे खाली ठेवला.

"अण्णा, माझं अर्धं काम राहिलंय."

"आगं, लाईट आली की लाव चार्जिंगला."

"आज लाईट येणार नाही. काम पाचच्या आत पाठवायचंय. आज शेवटचा दिवस आहे."

"मग आदी सांगायचं न्हाईस? रोज तर इचारतोय तुला."

शर्वरी त्याच्याकडे वळली. "तुम्ही रोज कमी पडतंय का ते विचारता, अण्णा. चालतंय का ते नाही विचारलं कधी."

चेअरमन कपातल्या चहाकडे बघत राहिले. केरबाला राग आला, कारण हे चारचौघांत झालं होतं. घरात पाहुणे, समोर चहा ठेवलेला, आणि अशा वेळी घरच्या माणसाने उठून जायचं हे हिरडेवाडीत कोणी केलं नसतं. केरबा मुलीकडे बघत होता. ती रडत नव्हती. चार्जरची वायर गुंडाळून पिशवीत भरत होती. कुठे जायचं हे तिलाही ठाऊक नसावं. ते बघून त्याचा राग कुठल्या कुठे गेला.

तो उठला. "चेअरमनसायेब, आमी येतो. चा घ्या तुमी," एवढं म्हणून त्याने मोटरसायकल काढली आणि मुलीला मागे बसवलं.

तालुक्याच्या गावी वीज होती. अस्लमभाईंनी काही न विचारता काउंटरवर जागा करून दिली. शर्वरी कानाला हेडफोन लावून कामाला लागली. केरबा भिंतीवरच्या घड्याळाखाली उभा होता. घड्याळाकडे बघायचं धाडस त्याला होत नव्हतं. काम पुण्याला गेलं तेव्हा पाच वाजून बराच वेळ झाला होता.

थोड्याच वेळात मॅडमचा फोन आला. शर्वरी चार्जरची वायर गुंडाळत होती, म्हणून तिने तो काउंटरवर ठेवूनच स्पीकरवर घेतला.

"आजही उशीर, शर्वरी."

"मॅडम, लाईट गेली होती."

केरबाला हायसं वाटलं. लाईट गेली होती हे खरंच होतं. या भागात हे कारण कोणालाही पटतं आणि त्यात कोणाचीच लाज जात नाही. पण मॅडम पुढे म्हणाल्या, "माझा विश्वास आहे तुमच्यावर. पण लाईट तुमच्याकडे उद्याही जाईल, परवाही जाईल. ती काही तुमच्या हातात नाही. मग मी हे काम तुमच्याकडे कशाच्या भरवशावर ठेवू?"

शर्वरीने मान खाली घातली.

उत्तर केरबाजवळ होतं. ते दिलं तर लाज जाणार होती, तीही दुकानात, अस्लमभाई आणि दोन गिऱ्हाइकांच्या देखत. न दिलं तर मुलीचं काम जाणार होतं. त्याने फोन उचलला.

"मॅडम, मी तिचा वडील बोलतोय. लाईट गेली हे खरं. पर चूक लाईटीची न्हाई, माजी हाय. दिवसभर चालंल असं मशीन तिला पायजे हुतं. ती म्हनत हुती. मी ऐकलं न्हाई. गावात दाखवाय म्हून गेमचं मशीन घेतलं. आज तिनं जपून ठेवलेली बॅटरीबी मीच पाव्हण्यांस्नी दाखवाय घालवली. पोरगीची ह्यात कायबी चूक न्हाई."

मॅडमनी ते सगळं ऐकून घेतलं.

"मग उद्या काय वेगळं होणार आहे?" मॅडमनी विचारलं.

"उद्या तिच्याजवळ तिला पायजे ते मशीन असंल."

"ठीक आहे," मॅडम म्हणाल्या. "आणखी एक आठवडा देते. त्यात एकदाही उशीर झाला तर मात्र मला थांबावं लागेल."

फोन बंद झाला. शर्वरी बापाकडे बघत राहिली. हा माणूस असं बोलू शकतो हे तिला माहीत नव्हतं. खरं तर त्यालाही माहीत नव्हतं.

अस्लमभाईंनी काळा लॅपटॉप उघडून बघितला. "अण्णा, ह्याच्यात काय बिघाड हाय का? बिघाड असंल तर कंपनीकडनं बदलून मागता येतंय. काहीजण तसं सांगतातबी."

"बिघाड न्हाई. लई चांगलं हाय. आमच्या कामाचं न्हाई, एवढंच."

"मग ठेवून जावा. गेम खेळणारी पोरं ह्याच्यासाठी विचारत असतात. गिऱ्हाईक लावून देतो."

त्या व्यवहारात केरबाला थोडी खोट बसली. ती त्याने मुकाट्याने सोसली. मग अस्लमभाईंनी सवयीने त्याच्याकडे बघत विचारलं, "आता कुठला दाखवू?"

केरबा म्हणाला, "मला नका इचारू. तिला इचारा." आणि तो दुकानाबाहेरच्या बाकावर जाऊन बसला.

आतून शर्वरीचा आवाज येत होता. अस्लमभाई विचारत होते आणि ती सांगत होती. डॉक्टर पेशंटला तपासून झालं की बोलून नोंद करतात. ती नोंद आपण ऐकायची आणि लिहून द्यायची. औषधांची नावं एकमेकांसारखी असतात. एक अक्षर इकडचं तिकडे झालं तर पेशंटला दुसरंच औषध जाईल. म्हणून आवाज न करणारं मशीन हवं, तापणारं नको, आणि मध्येच बंद पडणारं तर मुळीच नको. गेम ती खेळत नव्हती. बटणांखाली दिवे असले काय आणि नसले काय, तिला सारखंच होतं. शेवटी तिने तोच राखाडी लॅपटॉप निवडला.

केरबा बाकावर बसून ऐकत होता. आपली मुलगी दिवसभर काय काम करते, हे त्याला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं.

तात्पर्य: दुसऱ्यासाठी वस्तू निवडताना आपला मोठेपणा बघू नये, वापरणाऱ्याचं काम विचारावं. आणि निवड चुकली तर चूक आपलीच म्हणावी. दुसऱ्या कशावर ढकललेली चूक उद्याही तशीच राहते, आपली म्हटलेली चूक मात्र आजच दुरुस्त करता येते.